अर्धं टेबल

ठराव मीच टाइप केला होता.
दोन पानं, तीन प्रती, साठ रुपये.
'सदर आरोपींचे वकीलपत्र संघाचा कोणीही सभासद घेणार नाही.'
'सर्वानुमते' हा शब्द ओळीच्या बरोबर मधोमध बसवला,
हाताची जुनी सवय.

आरोपी चार, खाडीपलीकडचे दालदी.
उरुसाच्या दिवशी डोलकाठीला हिरवं निशाण बांधलं,
मुनाफचा आजा बांधायचा तसंच.
कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला
आणि दिवेलागणीपर्यंत ते निशाण
दुसऱ्याच देशाचं झालं.
लिलावाच्या चौथऱ्यावर खडूनं लिहिलं गेलं :
ह्यांची मासळी घेऊ नये.
टोपल्यांतली सुरमई तिथंच कुजली,
घारींची चंगळ झाली.

सभेला हेमांगी तेरसे नव्हत्या.
आईला डायलिसिसला ओरोसला नेलं होतं.
आल्या, ठराव वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला
आणि माझ्यापुढं उभ्या :
"नाईक, चार वकीलपत्रं."

मी म्हटलं, 'क्ष' अडकतोय, खारी हवा, उद्या बघू.
खोटं नव्हतं.
खरंही नव्हतं.
"पक्षकार लिहिताना जागा सोडा," त्या म्हणाल्या,
"मी पेनानं भरते."

मग त्यांच्या पाटीवर डांबर.
स्कूटरचे दोन्ही टायर.
घरमालकाची नोटीस (तीही माझ्याच मशीनवरची, तीस रुपये).
एका दुपारी तांदळाच्या गोणीत फायली घालून
त्या कोर्टासमोरच्या उंडीखाली आल्या
आणि सावली कुठवर पोचते ते बघत राहिल्या.

मी मशीन डावीकडं सरकवलं.
बोललो काहीच नाही.
टेबल काकाचं, एका पायाखाली कौलाचा तुकडा,
दोघांचा भार पेलेल की नाही
ह्याचीच काळजी जास्त.

आठवडाभर गिऱ्हाईक नाही.
हक्कसोडवाले, प्रतिज्ञापत्रवाले
समोरच्या परबाच्या कॉम्प्युटरकडं वळले.
बायकोनं संध्याकाळी गल्ला मोजला, पुन्हा मोजला,
आणि सकाळी डब्यात एक भाकरी जास्त घातली.

टपालवाला त्यांची पत्रं आपणहून झाडाखाली आणू लागला.
इनास मास्तर, रिटायर, गुडघ्यांनी बेजार,
वहीतला कागद घेऊन आले :
'वकिलानं वकिली केली, ह्यात गुन्हा कसला?
आम्ही त्यांच्या पाठीशी आहोत.'
खाली एक्केचाळीस सह्या.
रात्रीतून नऊ जणांनी येऊन आपापली नावं खोडली,
एकानं तर इतकं गिरबटलं की कागद फाटला.
उरले बत्तीस.
मी ते स्वच्छ टाइप केलं, पैसे घेतले नाहीत,
आणि तेहेतिसावा आकडा घालून
पुढं दोन दिवस काही लिहिलं नाही.
मला मुलगी आहे, तिचं लग्न ठरतंय.
तिसऱ्या दिवशी लिहिलं. हात थरथरत होता,
ते वयामुळं, असं मास्तरांना सांगितलं.

तारखेला अकरा गाबतिणी आल्या,
त्याच चौथऱ्यावरच्या, खडूची पाटी बघूनही
महिनाभर खाली मान घालून मासे विकणाऱ्या.
व्हरांड्यात ओळीनं बसल्या. कोर्टात मासळीचा वास.
बेलीफ म्हणाला, "कुठल्या केसला?"
"आमची खंयची केस?
बाई एकटी नको, म्हणान इलंव."

दोघांना जामीन मिळाला.
मुनाफला आणि धाकट्याला पुढची तारीख.
गाबतिणी उठल्या, एकीनं पदराआडून
सुक्या बांगड्यांची पुडी फायलींवर ठेवली,
तिचं तेल वकीलपत्राला लागलं.

आता सेशनचा अर्ज टाइप करतोय,
पानभर रिकाम्या जागा.
आज पेन मी काढलं.
"माझं अक्षर वाईट आहे," म्हटलं.
त्या बांगड्याचं तेल पुसत होत्या.
"असू दे," म्हणाल्या, "वाचता येतंय."