टोकन दोनशे चौदा

केंटकीच्या डोंगरात, गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर
शुक्रवार रात्रीपासून गाड्या उभ्या.
काचा आतून धुरकटलेल्या. आत माणसं
गाल उशीला न टेकवता झोपलेली,
म्हणजे जागीच.

पहाटे चारला मी टोकनं वाटतो.
काम सोपं आहे. दोनशे झाली की ‘संपली’ म्हणायचं
आणि कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
आम्ही वर्षातून दोन दिवस
अख्ख्या जिल्ह्याचे दात कोरतो.

खुर्च्या गोठ्यात मांडल्यात. भुसा झाडून काढला,
वास राहिला.
खांबावर मागच्या आठवड्यातली निळी फीत:
उत्कृष्ट कालवड.
तिचे दात सरकारी डॉक्टरनं तपासले होते,
ओठ वर करून, एकेक, कसलीही घाई न करता.

आर्डिथ स्टॅम्पर. शाळेची बस चालवते.
‘एकच दाढ आहे,’ म्हणाली,
कमी मागितलं तर मिळेल, अशा आवाजात.
आणि मी काही विचारलं नसताना:
‘आम्ही फुकटे नाही हं.
त्या हक्कबिक्कवाल्यांना तर मी मतसुद्धा दिलं नाही.’
बोलताना तळहात तोंडावर.
कित्येक वर्षं हसली असेल तीही
अशीच, हाताच्या आडून.

मग थंडीवर बोललो. थंडीवरून शेकोटीवर.
‘गेल्या जानेवारीत धुराडं पेटलं माझं.
बंब आला बारा मिनिटांत.
पोरं होती ती, ओल्या बुटांनी घरभर फिरली.
बिल नाही, कार्ड नाही,
कुणी विचारलंसुद्धा नाही, की बाई तुम्ही...’

इथं ती थांबली.
जीभ दाढेला लागली असेल.
किंवा आपलंच वाक्य.

मी काही बोललो नाही.
मलाही उत्तर कुठं येतं?
मला फक्त दोनशेपर्यंत मोजायला सांगितलंय.

हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
पेननं लिहिलं: २१४.
‘याला काही किंमत नाही,’ मी म्हणालो,
‘उद्या एखादा डॉक्टर उशिरापर्यंत थांबला, तर.’

तिनं तो दोन्ही हातांनी घेतला.
तेव्हा तोंड उघडं पडलं, आणि मी बघितलं.

तिच्या पुढचे तेरा जण
‘संपली’ ऐकूनही हलले नव्हते.
आता ते माझ्या हातातल्या
उरलेल्या पुठ्ठ्याकडे बघत होते.