विनी मे यांचे कपडे

न्यूकॅसलच्या थिएटरात कपडेपट तळघरात होता.
इस्त्री, टाचण्या, नदीकडून झिरपणारी ओल
यांत माझी अठरा वर्षं गेली.
अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात
विनी मेची जुनी ट्रंक माझ्यापुढे आणून ठेवली:
धुण्यासारखं असेल ते धू.

धुण्यासारखं पुष्कळ होतं. निघण्यासारखं थोडं.
प्रत्येक कॉलरीच्या आत दोन डाग.
एक पांढुरका, पावडरीचा,
ती वकिलाची बायको झाली, पाद्र्याची बहीण झाली,
तेव्हाचा.
दुसरा तपकिरी, अक्रोडाच्या सालीसारखा,
ती जिप्सी झाली, सयामची राजकन्या झाली
आणि पाच निरनिराळ्या सुलतानांची
तीच ती बेगम झाली, तेव्हाचा.
तिचा स्वतःचा रंग कुठल्याच कॉलरीला नव्हता.
माणसाचा रंग कापडाला लागत नाही,
एवढं मला कळतं.
तरी मी शिवण उसवून पाहिली.

बाप धाकू मयेकर, आचऱ्याचा,
बोटीच्या पोटात कोळसा ओढणारा.
साउथ शील्ड्सला उतरला,
एल्सी रॉबसनच्या खाणावळीत जेवायला बसला
तो उठलाच नाही.
मुलगी झाली, विनिफ्रेड मयेकर.
पहिल्या मॅनेजरने पोस्टरची रुंदी मोजली,
'मये'चा 'मे' केला
आणि कर तोडला.
विनी हे हसत सांगायची.
कर म्हणजे हात, मी म्हटलं.
मग नाही हसली.
दोन्ही पंजे इस्त्रीच्या टेबलावर पालथे ठेवून
बघत राहिली जरा,
म्हणाली, चहा टाक.

रेडिओवर तिने तीन राण्या केल्या,
तिन्ही इंग्लंडच्या.
पत्रं यायची, काय खानदानी आवाज!
लीड्सच्या एका दंतवैद्याने फोटो मागवला.
तिने आईचा पाठवला.

आता बासष्टाव्या वर्षी
नव्या नाटकात तिला आजी मिळाली होती, हिंदुस्थानातली.
नऊवारी नाही, साधी सुती साडी,
आणि पहिल्यांदाच तोंडाला काहीही फासायचं नव्हतं.
दिग्दर्शक एकोणतीस वर्षांचा, सालस पोरगा.
म्हणाला, उच्चार फक्त खरा हवा.
तिचा खरा उच्चार साउथ शील्ड्सच्या गोदीचा.
म्हणून मी तिला माझा दिला,
कणकवलीचा, न्यूकॅसलमध्ये थोडा भिजलेला.
तालमीत त्याने कान देऊन ऐकलं.
छान आहे, म्हणाला,
पण पुरेसं भारतीय वाटत नाही.
आम्ही दोघी खाली येऊन इतक्या हसलो
की टाचण्यांचा डबा सांडला.
परवापरवापर्यंत सापडत होत्या मला,
फरशीच्या फटींत.

प्रवेशाआधी ती विंगेत काहीतरी पुटपुटायची.
मला वाटायचं, देवाचं असेल.
त्याच्याशी तिचं विशेष नव्हतं,
पण नटांचं काही सांगता येत नाही.

बुधवारची मॅटिनी. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या,
बाहेर बर्फ की पाऊस, ठरत नव्हतं.
तिचा पदर सुटला
म्हणून मी सुई तोंडात धरून जवळ गेले
आणि ऐकलं:
येक, दोन, तीन, चार, पाच, स.
सहा नव्हे. स.
माझी आई सुके बांगडे मोजायची, तसं.
गोदीतला माणूस मुलीला झोपवताना
आणखी काय देणार?
त्याच्याकडे तेवढंच असेल.
सात, आठ.
मी पदराला टाका घातला.
नव.
लाल दिव्याचा हिरवा झाला
आणि ती उजेडात गेली.

धा मी म्हटलं.
तोंडात सुई होती,
नीट उमटलं नाही.