शीत

पायसांदूला नदी वर आली आणि उतरली,
भिंतींवर आपली उंची ठेवून.
रोइंग क्लबच्या कपाटातली डिस्क
नेलिदा एचेवेरींच्या टेबलावर पोचली
ती तांदळाच्या पिशवीत.
कुणीतरी सांगितलं होतं, तांदूळ पाणी ओढतो.

तांदूळ त्यांनी वाडग्यात काढून ठेवला.
तसं त्यांचं रोजचं काम तेच,
शितावरून भात.

नऊ हजार चारशे फायली.
नावं होती ती वॉशिंग्टनच्या भाच्याने
मदत म्हणून पुसून टाकलेली,
आणि सरसकट सगळ्यांच्या मागे लावलेलं जेपीजी.
शेपूट लावलं म्हणून कुणी घोडा होत नाही.
बाई शेपटाकडे बघतच नाहीत.
फाइल उघडायची नाही, किलकिली करायची,
आणि कपाळ वाचायचं.

एफएफ, डी-आठ, एफएफ.
हा जेपीजी. काही बोलत नाही, सरळ आत येतो.
जीआयएफ दारातूनच नाव सांगतो, सनासकट.
दोन आय आणि एक चांदणी, म्हणजे टिफ.
चांदणीचा आकडा बेचाळीस. का, ते विचारू नये.
बीएम जुना, जाडा,
घरातलं सगळं सामान न आवरता घेऊन निघालेला.
आणि पीएनजी, तो संशयी.
पहिलाच बाइट मुद्दाम एवढा मोठा
की वाटेत कुणी टोक छाटलं तर उंबऱ्यावरच कळावं.
मग नाव. मग ओळ संपल्याची खूण, दोन्ही रीतींची,
कारण परक्या यंत्रांत ओळी मोडल्या जातात
हे त्याला घडवणाऱ्यांनी सोसलेलं असणार.

वॉशिंग्टन ओलिवेरा, क्लबचा खजिनदार,
काखेत थर्मास, हातात येर्बा मातेचा पेला,
मागे उभा.
"सगळं आहे ना?"
"काय आहे ते सांगते," बाई म्हणाल्या,
"आहे का, ते नंतर."

कारण एका फायलीचं कपाळ स्वच्छ होतं,
एफएफ, डी-आठ, एफएफ,
आणि त्याच्या मागे
शून्य शून्य शून्य शून्य शून्य
शेवटपर्यंत.
चौकट उभी, घर वाहून गेलेलं.
त्यात चित्र होतं एवढं नक्की.
कुणाचं, ते नदीला माहीत.

आणि एक उलटी.
अंग धडधाकट, पहिले चार बाइट गेलेले.
दोन घरं सोडून जेएफआयएफ ही अक्षरं मात्र शाबूत,
कपाळ पुसलं तरी भुवया राहाव्यात तशी.
बाईंनी चष्मा वर सारला,
गेलेले चार बाइट हाताने टाइप केले.
इतकंच. कुंकू लावायला लागतो तेवढा वेळ.

पडद्यावर एक बाई उमटली.
बसथांब्यावर, हातात कलिंगड, हसताना डोळे मिटलेले.
गुडघ्यांखाली सगळं करडं.

वॉशिंग्टन वाकून बघत राहिला.
"ही आमची नाही.
डिस्क साल्तोहून जुनी घेतली होती."

मग बराच वेळ नळीतून पाणी ओढल्याचा आवाज.
"बोटीची तेवढी छापा," तो म्हणाला.
जिन्यापर्यंत जाऊन परत आला.
"हीसुद्धा. भिंती तशाही पुसल्या गेल्यात."

फायलीला नाव काय द्यायचं, बाईंनी विचारलं नाही.
तांदूळ गच्चीत पसरला. त्याला गाळाचा वास होता.
चिमण्यांनी तरी खाल्ला.