गूल

गावाचं नावच गूल.
फोनवर आई हसली : म्हणजे बत्ती गूल?
आणि तिथे दिवे टिकवायला तुला बोलावलंय?

जवळजवळ तेच.
ऊझ नदीकाठी, बीटच्या शेतांपलीकडे उपकेंद्र,
रात्रपाळी, आणि मांडीवर तीन रकान्यांचा तक्ता.

रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर म्हणजे विरजण, मी विल्फला सांगते.
शेजारून आणायचं, शेजारी परत द्यायचं.
पोट त्याने भरत नाही,
पण नसलं तर दूध नुसतं दूधच राहतं.
विल्फ ब्रॅमर दही खात नाही. तरी मान डोलावतो.

कपॅसिटर : स्वस्त, मुके, रांगेत उभे.
दाब घसरला की नेमका तेव्हाच हात आखडतात,
ऐंशी टक्क्यांवर चौसष्टच देतात.
असे एक मामा आमच्याकडेही होते,
पंगतीत पुढे, दवाखान्यात दिसले नाहीत.

स्टॅटकॉम : पांढऱ्या खोलीत सिलिकॉनचे थर.
पापणी लवण्याआधी हजर,
दाब पडला तरी प्रवाह सोडत नाही.
मर्यादेपलीकडे एक अँपिअर मागा,
सभ्यपणे नाही म्हणतो.

सिंक्रोनस कंडेन्सर :
म्हणजे कोळशाच्या केंद्रातलं तीन नंबरचं जनित्र,
टर्बाइनपासून तोडलेलं.
वाफ नाही, विकायला एक वॅट नाही, उलट थोडी वीज खातंच,
तरी मिनिटाला तीन हजार फेरे.
एकतीस वर्षं विल्फ त्याच्या बेअरिंगवर तळवा ठेवून
ताप बघतोय.

मंगळवारी पहाटे तीन वाजून अकरा मिनिटांनी
एक हंस तारांत सापडला.
आलेखावर कपॅसिटर खचलेले दिसतात,
स्टॅटकॉमची रेघ सरळ, ताठ, छताला टेकलेली,
आणि जनित्राने कुणी सांगायच्या आत
स्वतःच्या फिरण्यातलंच काढून दिलेलं.
गावात दिवे मिचकावले फक्त.
बेकरीतल्या बाईने वर पाहिलं असेल, नसेलही.

शिफारस मी लिहिली : स्टॅटकॉम, दोन.
तेल गळत नाही. माणूस लागत नाही.
विल्फने चष्मा लावून वाचलं.
म्हणाला, तोट्याचा आकडा चुकलाय, कमी धरलायस.
चुकला होता. त्याच्याच यंत्राच्या फायद्याचा.
मी दुरुस्त केला.

शुक्रवारी बटण दाबलं.
थांबायला त्याला त्रेचाळीस मिनिटं लागतात.
विल्फने दोघांचा चहा केला,
साखर विचारली नाही, दोन चमचे घातली.
तिसाव्या मिनिटापर्यंत
मी घड्याळ बघत होते.