पिवळा खडू

झिलिनाच्या बाहेर, वाह नदीच्या काठाला
बंपर रंगवायची लांबट शेड आहे.
माझं काम पांढऱ्या नळ्यांखाली उभं राहायचं
आणि रंगात काय बिघडलंय ते बघायचं.
ओघळ, धुळीचा कण, संत्र्याची साल,
लकाकीवर धरलेली धूसर साय,
प्रत्येकाला मेणखडूचा वेगळा रंग.
खळग्याला पिवळा.

फेब्रुवारीत पिवळा खडू आठवड्याला एक संपू लागला.

खळगा म्हणजे मोहरीएवढी गोल जागा,
जिथे रंग आला, थबकला,
आणि चहूबाजूंनी मागे सरला,
बंद दारामागचं रडणं ऐकून
पाऊल मागे घ्यावं तसा.
तळाशी करडं प्लॅस्टिक, उघडं.

प्लॅस्टिक मुळातच पालथा घडा.
त्याला रंग नको असतो, पाणी नको, कुणीच नको.
आधी निळ्या ज्योतीखालून न्यायचं, झरकन,
रेंगाळलं तर वाकतं, घाई झाली तर पुढे
नखानेसुद्धा रंगाचा पापुद्रा निघतो.
मग प्रायमर, मग रंग, मग लकाकी,
मग ऐंशी अंशांची भट्टी.
एवढी मनधरणी झाल्यावर ते एकदाचं हो म्हणतं.
आणि त्यात हा मोहरीएवढा नकार.

क्वेतोस्लावने हवेच्या नळ्या बदलल्या,
कॉम्प्रेसर उघडला, गाळण्या फेकल्या,
थिनरची पिंपं परत पाठवून पुरवठादाराशी भांडला.
धूळ झटकणाऱ्या रोलरची शहामृगाची पिसं
स्वतः धुतली, स्वतः वाळवली.
खळगे होतेच.

मी वहीत पाळ्या मांडत बसले.
पहिलीत दोन. रात्रीच्या पाळीत एक.
दुसरीत चाळीस,
तेही डाव्या टोकाला, कमरेच्या उंचीवर,
जिथे माणूस वाकून
स्पिरिटच्या फडक्याचा शेवटचा हात फिरवतो
आणि बाही जराशी घासते.

तिथे वेंदेलीन असतो. एकवीस वर्षं.

प्रयोगशाळेची चिठ्ठी आली: सिलिकोन.
त्याच्या हातांना क्रीम नव्हतं.
केसांना जेल म्हणावं, तर केसच नाहीत.
फडकं बघायच्या निमित्ताने मी शेजारी उभी राहिले
आणि वास आला. लव्हेंडर.
आमच्याकडे कुणाला वास नसतो,
असलाच तर थिनरचा.
डगले कारखान्याच्या धुलाईतच द्यायचे,
हा नियम दारावर लिहिलाय,
तो दर पाळीला त्याच दारातून येतो.

"घरी धुतोस?"
त्याने फडक्याची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.
"ब्लाझेनाने सॉफ्टनरचा पाच लिटरचा कॅन आणला होता.
ऑक्टोबरात. स्वस्त मिळाला म्हणून."
नोव्हेंबरात ती गेली, ते मला ठाऊक होतं,
फुलांच्या वर्गणीत माझेही पाच युरो होते.
"घराला कसलाच वास उरला नाही, जानेवारीत,
तेव्हापासून डगले न्यायला लागलो.
अजून अर्धा आहे.
टाकू कसा?"

मी काही बोलले नाही. यंत्राचा भोंगा वाजला,
पुढचा बंपर आला, त्याने तो पुसला,
बाही दुसऱ्या हाताने वर धरून.

सोमवारी तो धुलाईतला डगला घालून आला,
खांद्यावर इस्त्रीची घडी, पत्र्यासारखी ताठ.
त्या दिवशी खळगे शून्य.
क्वेतोस्लावने केक आणला,
पिसं धुतल्याचा गुण, असं तो अजून सांगतो.
अहवालात कारणासाठी चारच चौकोन:
यंत्र, माल, पद्धत, माणूस.
मी "माल" वर फुली मारली.
कापडही मालच.

एप्रिलात, दुसऱ्या पाळीत, एक लाल बंपर आला.
डाव्या टोकाला एकच खळगा,
अंगठ्याखाली सहज झाकला जाईल असा.
वेंदेलीन माझ्याकडे बघत नव्हता.
त्याच्या खिशातून रुमालाचं टोक डोकावत होतं.

मी पिवळ्या खडूने गोल काढला,
बंपर पॉलिशला पाठवला.
कारण
लिहिलं नाही.