अकरा दात

आधी भाजीची सुरी.
ती पोळ्यात रुतली, कोष फाटले.
मग हॅक्सॉचं पातं, उकळत्या पाण्यात बुडवून.
मेण सरकलं खरं,
पण पोळं जिथे आत दबलेलं
तिथे मध तसाच, टोपणाखाली.

पालशेतच्या पुलापाशी दाऊद परकार छत्र्या शिवतो.
त्याच्याकडे मोडक्या छत्रीच्या काड्या मागितल्या.
"मधाला छत्री कशाला गो बाय?"
मी बोटं पसरून दाखवली :
दुधावरची साय उचलायची आहे,
खालच्या दुधाला न कळता.

तो हसला नाही.
शिवणीचा तुकडा तासला, नऊ भोकं पाडली,
काड्या ठोकल्या, टोकं दगडावर घासली.
त्या दिवशी चार चौकटी झाल्या.
काड्या मेणाखाली शिरायच्या,
मनगट जरासं वर,
की टोपणांची पांढरी पापडी अलगद सुटायची.

दुसऱ्या सकाळी बरणीत एक काळी रेघ.
खारी हवा. काड्या कधीच गंजलेल्या.
ती बरणी विकली नाही.
सासऱ्यांनी पंधरा दिवस चहात घालून संपवली,
म्हणाले, लोखंड अंगाला बरं.

दाऊदनं बरणी बराच वेळ उजेडात धरली.
"पावसाला सोसते ती काडी. मधाला नाही."
मग उठला, भिंतीला टेकलेली स्वतःची सायकल उलटी केली
आणि मागच्या चाकातले स्टीलचे आरे काढू लागला.
अकरा. मी नको नको म्हणत मोजले.

मी गुहागरहून नवे आणून दिले.
ते अजून त्याच्या पत्र्याच्या पेटीत,
कागदही न सोडलेले.
मशिदीच्या उतारावर तो सायकल हातात धरून चालतो,
चाक लचकतं,
विचारलं तर गुडघ्याचं नाव सांगतो.

वैशाख. न्हाणीघराचं दार लावून घेते,
फटीत ओलं गोणपाट कोंबते,
एकीला वास लागला तर सगळ्या पेट्या इथे लोटतील.
मासळीचा क्रेट, सोड्यानं तीनदा धुतलेला,
तरी नाक लावलं तर बांगडा आहेच थोडासा.
त्यावर जाळ्याचं नायलॉन ताणलेलं,
त्यावर चौकट उभी, कोपऱ्यावर.
घाम कोपरापर्यंत.
सातव्या दाताला एक माशी चिकटून आलेली,
तिला करंगळीवर घेतलं.
ती पंख पुसत बसली, डंख विसरून,
किंवा मला.

टोपणं रात्रभर निथळतात.
थेंब पडतो, मग इतका वेळ काहीच नाही
की झोप लागावी, मग पुन्हा.

उरलेलं मेण वितळवून वाटीत थिजवते,
वडी दाऊदला नेऊन देते.
तो तिच्यावरून दोरा ओढतो, एकदा, दोनदा,
दोरा करकरतो.
नाकाशी नेतो. म्हणतो, यंदा सुरंगी.
मी म्हणते, काजू.
दर वर्षी इथेच अडतं आमचं,
आणि पुलावरून जाणारा कुणीतरी
छत्री झाली का, म्हणून विचारतो.