विशेष काही नाही

मुहर्रकच्या इस्पितळात, तळघरात,
माझं काम चार मायक्रॉनचं.
मेणात बसवलेला माणसाचा तुकडा कापायचा,
पानावरून ओली फेणी सोडवावी तसा
काचेवर उचलायचा.

रिपोर्टात पेशींचं सगळं असतं:
आकार, घोळका, वागणूक, संशय.
आणि खाली एक ओळ,
आजूबाजूला विशेष काही नाही.

त्या विशेष-काही-नाहीला
मी निळा रंग देते.
समुद्राचा निळा नव्हे. नीळ,
आई शाळेच्या सदऱ्याला द्यायची ती, जरा जास्तच.
मग दिसतं,
पेशी म्हणजे एवढीशी वस्ती,
बाकी सगळा दोर.
तीन पेडांचं कोलॅजन, पीळ घट्ट,
ताणून परत येणारं इलॅस्टिन,
आणि पाणी धरून बसलेल्या साखरेच्या साखळ्या
(त्यांची किंमत गुडघ्याला विचारा).
पेशींनीच विणून बाहेर टाकलेलं हे,
आता तेच पेशीला सांगतं,
तू हाड हो. तू कातडी. तू थांब.

दोरावरचा हात सुटला
तर पेशी कुणी न मारता मरते.
त्याला ग्रीक नाव आहे, डॉक्टर शीनूबाई म्हणाल्या,
अर्थ, बेघर होणं.
आणि लगेच विचारलं,
तुझा व्हिसा झाला का गं?

दारावरचा पहारेकरी खलफ बिन जुमा
चहा घेऊन येतो, काचेतून बघतो.
आजोबा त्याचे मोत्यांसाठी बुडी मारायचे.
नावेवर एक जण नुसता दोर धरून.
त्याला खालचं काही दिसत नाही, खलफ सांगतो,
फक्त हिसका कळतो.
चार महिने खजूर, भात, मासे.
शेवटी शेवटी जुन्या जखमा उघडायच्या.
पोरवयात शिंपल्यानं चिरलेली टाच,
वीस वर्षांपूर्वी मिटलेली,
पुन्हा ओली.
जिन्न, म्हणायचे आजोबा.

लिंबू, मी म्हटलं.
लिंबू नव्हतं नावेवर.
त्याशिवाय पेडांना पीळ बसत नाही.
व्रणातले जुने धागे रोज गळतात,
रोज नवे वळावे लागतात.
तो बराच वेळ कप हातात धरून.
म्हणजे बरं झालेलं असं काही नसतंच?
मला अरबी तेवढी येत नाही.
असतं, म्हटलं. रोज.

जेवणाच्या सुटीत वरणावर लिंबू पिळलं.
एक बी डब्यात पडली, काढली नाही.
पोटावर आडवी रेघ आहे माझ्या,
अकरा वर्षांची,
तिचा मालक देवरुखला मामीकडे.
फोन लावला. तिथे साडेतीन.
मागे कुणीतरी बॅट आपटत होतं.
आई, मी खेळायला चाललोय,
नंतर कर.

फोन तसाच कानाशी.
टायमर वाजला,
निळ्यातून काचा काढायची वेळ झाली.